रिपोर्टवर ४०५ आलं, आता काय? नैराश्याच्या औषधांची रक्तातली पातळी कशी वाचावी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. आईंचं वय ६१. नैराश्यासाठी दोन वर्षांपासून व्हेनलाफॅक्सिन एक्सआर (औषध हळूहळू सोडणारी) १५० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल रोज सकाळी. तब्येत चांगली सुधारली होती. गेल्या पाच-सहा आठवड्यांत मळमळ, घाम, हातांची थरथर आणि छातीत धडधड सुरू झाली, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांनी रक्तातली औषधाची पातळी तपासायला सांगितली. रिपोर्टमध्ये व्हेनलाफॅक्सिन ३१०, ओ-डेसमिथाइलव्हेनलाफॅक्सिन ९५, दोन्हींची बेरीज ४०५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. रेंज १०० ते ४००, आणि बेरजेपुढे लाल बाण. डॉक्टरांची भेट चार दिवसांनी आहे. तुम्ही विचारताय: औषध विषारी पातळीला गेलं का, आजच बंद करावं का, आणि दोन वर्षांत ही तपासणी आधी कुणीच का सांगितली नाही?

मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते थांबू शकत नाही. स्वतःहून बंद करू नका. व्हेनलाफॅक्सिन शरीरातून लवकर निघून जातं. एकदम थांबवलं तर एक-दोन दिवसांतच चक्कर, बेचैनी, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं, झोप उडणं असा त्रास सुरू होतो, आणि घरच्यांना वाटतं आजारच उलटला. डोस कमी करायचा असेल तर तो डॉक्टरांनी, पायरीपायरीनं. मात्र ताप, अंग कडक होणं, स्नायूंना झटके, असंबद्ध बोलणं किंवा शुद्ध हरपणं यातलं काहीही दिसलं तर चार दिवस वाट पाहायची नाही, सरळ रुग्णालय गाठायचं. एरवीही आजच डॉक्टरांना फोन करून तिन्ही आकडे वाचून दाखवा आणि घरी रक्तदाब मोजून ठेवा, कारण हे औषध तो वाढवू शकतं.

आता विषाचं. ४०० च्या पुढे पाचनं गेलेला आकडा म्हणजे विषबाधा नव्हे. अशा तपासण्यांमध्ये यंत्राची आणि पद्धतीची मिळून पंधरा टक्क्यांपर्यंतची चूक मान्य धरली जाते. तोच नमुना उद्या पुन्हा चालवला तर ३८० येईल किंवा ४३० येईल, आणि दोन्ही उत्तरं तितकीच बरोबर असतील. शिवाय रेंजची वरची हद्द ही धोक्याची रेघ नसते. त्यापुढे गेल्यावर फायदा वाढण्याची शक्यता कमी होते आणि त्रासाची वाढते, इतकंच ती सांगते. जर्मन भाषक देशांतल्या तज्ज्ञांच्या एजीएनपी या गटानं मानसोपचारातल्या औषधांच्या पातळ्यांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. २००४ मध्ये पहिल्या, मग २०११ आणि २०१७ मध्ये सुधारित. जगभरच्या अनेक प्रयोगशाळा त्यांच्याच रेंज छापतात. त्यांत प्रयोगशाळेनं डॉक्टरांना लगेच कळवायची पातळी वेगळी दिलेली आहे, आणि व्हेनलाफॅक्सिनसाठी ती ८०० आहे.

तेव्हा लाल बाण बाजूला ठेवा. तुमच्या रिपोर्टमधली खरी बातमी बेरजेत नाही, तिच्या वरच्या दोन ओळींत आहे.

व्हेनलाफॅक्सिन पोटात गेल्यावर यकृतातलं सीवायपी२डी६ नावाचं एन्झाइम त्याचं ओ-डेसमिथाइलव्हेनलाफॅक्सिनमध्ये रूपांतर करतं. हा दुसरा पदार्थही मूळ औषधाइतकाच कामाचा आहे, म्हणूनच दोन्हींची बेरीज करतात. एन्झाइम नीट चालत असेल तर रक्तात दुसरा पदार्थ मूळ औषधाच्या दुपटीहून, पुष्कळदा तिपटीहूनही जास्त असतो. आईंच्या रक्तात उलटं आहे. ३१० ला ९५, म्हणजे गुणोत्तर ०.३ च्या आसपास. एन्झाइम जवळजवळ बंद आहे, असंच मी यावरून म्हणेन. अशा स्थितीत मळमळ, धडधड यांसारखे दुष्परिणाम जास्त आढळतात आणि रक्तातलं सोडियम उतरण्याचीही शक्यता वाढते. साठीच्या पुढच्या बाईंच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचं. म्हणून डॉक्टरांना भेटाल तेव्हा सोडियम आणि ईसीजीबद्दल नक्की विचारा.

एन्झाइम बंद असण्याची कारणं दोन. एक जन्मजात. काही माणसांच्या दोन्ही जनुकप्रती निकामी असतात, त्यामुळे हे एन्झाइम तयारच होत नाही. युरोपीय वंशाच्या लोकांत असे शंभरात सहा-सात असतात, आशियाई लोकांत त्याहून बरेच कमी. पण जन्मजात असतं तर त्रास दोन वर्षांपूर्वी सुरू व्हायला हवा होता. तुमच्या आईंचा त्रास पाच-सहा आठवड्यांचा आहे. त्यामुळे माझा संशय दुसऱ्या कारणावर आहे: एन्झाइम अडवणारं दुसरं औषध मध्येच सुरू झालं असावं. नैराश्याच्याच औषधांपैकी फ्लुओक्सेटिन, पॅरॉक्सेटिन आणि ब्युप्रोपिऑन हे करतात. पण ती दिली असती तर मानसोपचारतज्ज्ञांनीच दिली असती, आणि त्यांच्या ते ध्यानात असतं. निसटतं ते इतरांनी लिहून दिलेलं. नखांच्या बुरशीसाठी त्वचारोगतज्ज्ञ टर्बिनाफाइनच्या गोळ्या देतात, कित्येक आठवडे. टर्बिनाफाइन हे एन्झाइम जोरात अडवतं, आणि गोळ्या संपल्यावरही कित्येक आठवडे तो परिणाम राहतो. रुग्ण ते 'औषधां'च्या यादीत सांगतच नाही, कारण त्याच्या मते ते नखाचं असतं, मनाच्या आजाराशी त्याचा काय संबंध? आईंना विचारा: गेल्या तीन महिन्यांत कुठल्याही डॉक्टरांनी, कशासाठीही, काहीही नवीन दिलं का? घरात जितक्या पट्ट्या आहेत तितक्या सगळ्या एका पिशवीत घालून घेऊन जा. यादी लिहून नेण्यापेक्षा पिशवी बरी, कारण यादीत माणूस स्वतःच्या समजुतीनं गाळणी लावतो.

त्या पिशवीत ट्रामाडॉल आहे का, हे मुद्दाम बघा. गुडघ्या-कंबरेच्या दुखण्यासाठी ते सर्रास दिलं जातं. एक तर व्हेनलाफॅक्सिनबरोबर ते घेतल्यानं सेरोटोनिन या मेंदूतल्या संदेशवाहक रसायनाचा अतिरेक होऊ शकतो, आणि त्याची लक्षणं म्हणजे थरथर, घाम, धडधड. दुसरं कारण आमच्या, म्हणजे प्रयोगशाळेच्या, बाजूचं आहे. ट्रामाडॉल आणि ओ-डेसमिथाइलव्हेनलाफॅक्सिन या दोन पदार्थांचं रेणुसूत्र एकच आहे. वजन तेच, आणि मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे रेणूंचं वजन मोजणाऱ्या यंत्रात, फोडल्यावर निघणारा मुख्य तुकडाही तोच. ते वेगळे कळतात फक्त आधीच्या पायरीत, क्रोमॅटोग्राफीच्या, म्हणजे पदार्थ वेगळे करण्याच्या, कॉलममधून वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात म्हणून. प्रयोगशाळेनं पद्धत बसवताना हे तपासून घेतलेलं नसेल तर ट्रामाडॉल घेणाऱ्या माणसाच्या रिपोर्टमध्ये ओ-डेसमिथाइलव्हेनलाफॅक्सिन फुगलेलं दिसेल. अमिट्रिप्टिलिन आणि मॅप्रोटिलिन हीसुद्धा अशीच एकसारख्या सूत्राची जोडी. यंत्र महाग आहे म्हणून ते चुकणार नाही, असं समजू नये.

आणि तरीही, इतक्या वर्षांच्या कामानंतर माझं ठाम मत आहे की या तपासणीतल्या बहुतेक चुका यंत्रात होत नाहीत, नमुना यंत्रापर्यंत पोचायच्या आधीच झालेल्या असतात. सगळ्यात मोठी चूक वेळेची. रेंज ठरवल्या गेल्या आहेत त्या पुढचा डोस घेण्याच्या अगदी आधी काढलेल्या रक्तावर, म्हणजे पातळी दिवसभरातली सगळ्यात खाली असते तेव्हा. एक्सआर कॅप्सूलमधून आलेलं व्हेनलाफॅक्सिन साधारण साडेपाच तासांनी सर्वोच्च पातळीला जातं आणि ओ-डेसमिथाइल साधारण नऊ तासांनी. आईंनी सकाळी आठला कॅप्सूल घेतली आणि रक्त दुपारी एकला काढलं असेल तर ते जवळजवळ शिखरावरचं रक्त आहे, आणि ४०५ ची १००-४०० शी तुलना करण्यात अर्थ नाही. तुमच्या रिपोर्टवर नमुना घेतल्याची वेळ आहे, पण शेवटच्या डोसची वेळ नाही. ती कुणी विचारलीच नसावी. वेळ चुकली असली तरी गुणोत्तर मात्र एवढं उलटं होणार नाही. म्हणून एन्झाइमबद्दलचा माझा अंदाज मी मागे घेत नाही, पण बेरजेच्या आकड्यावर निर्णय घेण्याआधी नमुना पुन्हा, योग्य वेळी द्यायला हवा.

दुसरी चूक घाईची. डोस बदलला की पातळी स्थिर व्हायला औषधाच्या अर्धायुष्याच्या (रक्तातली पातळी निम्मी व्हायला लागणाऱ्या वेळेच्या) चार ते पाच पट वेळ लागतो. व्हेनलाफॅक्सिनचं अर्धायुष्य पाच तासांच्या आसपास, ओ-डेसमिथाइलचं अकरा तासांच्या, म्हणून इथे तीन-चार दिवस पुरतात आणि आठवडाभर थांबलं की खात्री. सर्ट्रालिनचं अर्धायुष्य एका दिवसाच्या थोडं वर, तिथे आठवडा लागतोच. फ्लुओक्सेटिनचं मात्र निराळं. त्याचा मेटाबोलाइट, म्हणजे शरीरात त्यापासून बनणारा पदार्थ, नॉरफ्लुओक्सेटिन इतका रेंगाळतो की पातळी स्थिर व्हायला महिन्याहून जास्त लागू शकतो, आणि औषध बंद केल्यावर तेवढाच काळ त्याचे परिणाम इतर औषधांवर होत राहतात.

ट्यूबचं थोडक्यात. तळाशी जेल असलेली ट्यूब या कामाला नको, कारण औषध, विशेषतः ट्रायसायक्लिक नावाच्या जुन्या गटातली नैराश्याची औषधं, त्या जेलमध्ये शोषलं जाऊन पातळी खोटी कमी दिसते. पूर्वी काही ट्यूबांच्या रबरी बुचातलं रसायन रक्तात उतरून ट्रायसायक्लिक औषध प्रथिनापासून सोडवायचं. ते लाल पेशींत शिरायचं आणि प्लाझ्मात कमी सापडायचं. उत्तर शोधायला लोकांना बराच काळ लागला. नैराश्यात जोडीला लिथियम चालू असेल तर ते लिथियम हेपरिनच्या ट्यूबमध्ये कधीही घेऊ नये, आकडा भलताच वर जातो. ते शेवटच्या डोसनंतर बारा तासांनी मोजतात.

पद्धतीबद्दलही विचारायला संकोच करू नका. ट्रायसायक्लिकसाठीच्या झटपट इम्युनोअसे (प्रतिपिंडांवर चालणाऱ्या) चाचण्या या औषधांना एकमेकांपासून वेगळं ओळखू शकत नाहीत. क्वेटियापिन, कार्बामाझेपिन, काही अ‍ॅलर्जीची औषधं यांनाही त्या ट्रायसायक्लिक समजतात. डोस ठरवण्यासाठी लिक्विड क्रोमॅटोग्राफीवरचाच आकडा घ्यावा, शक्यतो मास स्पेक्ट्रोमीटर जोडलेला. एककही पाहावं. काही ठिकाणी रिपोर्ट नॅनोमोल प्रति लिटरमध्ये येतो. नॉर्ट्रिप्टिलिनचे ४०० नॅनोमोल म्हणजे जेमतेम १०५ नॅनोग्रॅम, म्हणजे रेंजच्या मधोमध. पण एकक न पाहता वाचणाऱ्याला तो विषबाधेचा आकडा वाटतो.

तुमचा तिसरा प्रश्न, आधी का नाही सांगितली, हा मला सगळ्यात जास्त भावला. त्यामागे पन्नासहून अधिक वर्षांची गोष्ट आहे.

इमिप्रामिन हे पहिलं ट्रायसायक्लिक. स्वित्झर्लंडच्या रोलँड कून यांनी त्याचा नैराश्यावरचा परिणाम १९५७ मध्ये मांडला. दहा वर्षांनी, १९६७ मध्ये, स्वीडनमध्ये हामर आणि स्योक्विस्ट यांनी दाखवलं की एकसारखा डोस घेणाऱ्या माणसांच्या रक्तात या औषधांची पातळी कितीतरी पटींनी वेगळी असते. मग १९७१ मध्ये मारी ओसबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नॉर्ट्रिप्टिलिनबद्दल जे दाखवलं ते माझ्या मते या विषयातलं सगळ्यात सुंदर निरीक्षण आहे. पातळी फार कमी असली तर माणूस बरा होत नाही हे अपेक्षितच. पण पातळी साधारण १५० च्या पुढे गेली तरीही सुधारणा घटत होती. म्हणजे बरं वाटत नाही म्हणून डोस वाढवणं हे कधीकधी नेमकं उलटं पाऊल असू शकतं, आणि ते रक्त तपासल्याशिवाय कळायला मार्ग नव्हता. इमिप्रामिनसाठी १९७७ मध्ये ग्लासमन यांनी दाखवलं की त्याची आणि शरीरात त्यापासून बनणाऱ्या डेसिप्रामिनची बेरीज २२५ च्या वर असलेल्यांना फायदा जास्त होतो. १९८५ मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या कार्यगटानं नॉर्ट्रिप्टिलिन, इमिप्रामिन आणि डेसिप्रामिन यांच्या पातळ्या उपचारात उपयोगी असल्याचं मान्य केलं.

आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, १९८७ च्या अखेरीला, अमेरिकेत फ्लुओक्सेटिनला परवानगी मिळाली. त्या गटातली औषधं, ज्यांना आपण एसएसआरआय म्हणतो, ट्रायसायक्लिकपेक्षा फारच सुरक्षित आहेत. डोस थोडा चुकला म्हणून हृदयाची लय बिघडत नाही. मेंदूच्या पेट स्कॅनवरून कळलं की त्यांच्या नेहमीच्या कमीत कमी डोसलाच सेरोटोनिन वाहून नेणाऱ्या प्रथिनाच्या जवळपास ८० टक्के जागा व्यापल्या जातात. त्यापुढे पातळी दुप्पट केली तरी व्याप थोडासाच वाढतो. त्यामुळे रेंज रुंद झाल्या. सर्ट्रालिन १० ते १५०, एस्सिटालोप्राम १५ ते ८०, फ्लुओक्सेटिन आणि नॉरफ्लुओक्सेटिन मिळून १२० ते ५००. सर्ट्रालिनच्या रुग्णाची पातळी ४० आहे की ९०, यानं उपचारात सहसा काही बदलत नाही. तुलना करा अमिट्रिप्टिलिनशी: नॉर्ट्रिप्टिलिनसह ८० ते २००, आणि ३०० ला धोक्याची घंटा. तिथे जागाच थोडी आहे.

म्हणून ट्रायसायक्लिक घेणाऱ्या प्रत्येकाची पातळी निदान एकदा तरी तपासावी असं मी आग्रहानं म्हणेन, आणि नव्या औषधांवर बरं असलेल्या माणसाची उगाच तपासू नये असंही. आई दोन वर्षं बऱ्या होत्या. तेव्हा रक्त काढून काही मिळालं नसतं. रक्ताच्या तपासणीनं नैराश्याचं निदानही होत नाही आणि माणूस बरा झाला का हेही कळत नाही. ते डॉक्टरांनी रुग्णाशी बोलूनच कळतं. पातळी कामाची ठरते ती एखादा नेमका प्रश्न समोर असेल तर. पुरेसा डोस पुरेसे आठवडे देऊनही फरक नाही. नेहमीच्या डोसवर अनपेक्षित त्रास आहे. वय जास्त आहे, यकृत अशक्त आहे. गर्भारपण आहे, आणि त्यात सीवायपी२डी६ चा वेग वाढून शेवटच्या महिन्यांत काही औषधांची पातळी घसरते. क्षयाचं रिफाम्पिसिन किंवा फिट्सचं कार्बामाझेपिन सुरू झालं, जी इतर औषधं झपाट्यानं संपवतात. किंवा सिगारेट सुटली. धुरानं चालना मिळालेलं एन्झाइम मंदावतं आणि ड्युलॉक्सेटिनसारख्या औषधाची पातळी वर जाते. तुमच्या डॉक्टरांसमोर असाच नेमका प्रश्न आला आणि त्यांनी तपासणी सांगितली. त्यांचं बरोबर आहे.

यात एक गोष्ट मला फार लागते, म्हणून इथेच सांगते. कमी आलेली पातळी रुग्णाला पकडण्यासाठी वापरू नका. 'बघ, तू गोळ्या घेत नाहीस' असं रिपोर्ट नाचवत म्हणणारी घरं मी पाहिली आहेत. कमी पातळीचं कारण गोळ्या चुकणं हे असू शकतं, आणि तेही गुणोत्तरावरून बऱ्यापैकी ओळखता येतं: दोन्ही पदार्थ कमी पण प्रमाण नेहमीचं असेल तर घेणं अनियमित असावं, मूळ औषध कमी आणि मेटाबोलाइट भरपूर असेल तर शरीर ते भराभर संपवतंय. दुसऱ्या प्रकारातला माणूस इमानानं रोज गोळी घेत असतो आणि त्याच्यावर अविश्वास दाखवला जातो. पहिल्या प्रकारातल्या माणसालाही गोळी का नकोशी होते हे विचारायला हवं. पुष्कळदा उत्तर एखाद्या दुष्परिणामात असतं, जो त्यानं संकोचानं सांगितलेला नसतो.

जनुक तपासणी करून घ्यावी का, असं कुणी सुचवेल. ती आयुष्यात एकदाच करावी लागते आणि उपयोगीही आहे, पण आईंच्या बाबतीत ती आधी नको. समजा जनुकं सामान्य निघाली. तरी टर्बिनाफाइनसारखं औषध चालू असेल तर आई आज एन्झाइम नसलेल्या माणसासारख्याच वागणार, आणि जनुकांचा रिपोर्ट आपल्याला खोटा दिलासा देईल. आत्ता शरीरात काय चाललंय ते पातळी सांगते. अडवणारं कुठलंच औषध सापडलं नाही आणि दुसऱ्या नमुन्यातही गुणोत्तर असंच उलटं आलं, तर मग जनुकं बघावीत.

डॉक्टर पुढे काय करतील याचा अंदाज देते, निर्णय अर्थात त्यांचा. अडवणारं औषध टाळता येण्याजोगं असेल तर ते थांबवतील. ते गरजेचं असेल तर व्हेनलाफॅक्सिनचा डोस हळूहळू कमी करतील, किंवा डेसव्हेनलाफॅक्सिनवर नेतील. ते म्हणजे ओ-डेसमिथाइलव्हेनलाफॅक्सिनच, आयतं तयार केलेलं, ज्याला या एन्झाइमची जवळजवळ गरज लागत नाही. डोस कमी केला आणि टर्बिनाफाइन नंतर संपलं, तर पुढच्या महिना-दोन महिन्यांत एन्झाइम पुन्हा जागं होईल आणि तोच कमी डोस अपुरा पडू शकेल. त्या काळात आईंचं मन पुन्हा उतरतंय का इकडे लक्ष ठेवा आणि एकदा पातळी तपासून घ्या.

दुसरा नमुना द्याल त्या दिवशी कॅप्सूल खिशात घेऊन जायची, रक्त दिल्यावरच घ्यायची. आदल्या दिवशीची कॅप्सूल किती वाजता घेतली ती वेळ, एक्सआर की साधी, डोस किती, हाच डोस किती दिवसांपासून, आणि त्या पिशवीतल्या सगळ्या औषधांची नावं मागणीपत्रावर लिहून घ्या. लिहायला जागा नसेल तर मागच्या बाजूला लिहा. साधी ट्यूब किंवा ईडीटीए, जेल नको, हे रक्त घेणाऱ्याला आधी सांगा. आणि शक्य असेल तर नमुना त्याच प्रयोगशाळेत द्या, म्हणजे दोन्ही रिपोर्ट एकाच पद्धतीचे असतील.